उतरणाऱ्या विमानांची रांग



बोईसरच्या किंवा पालघरच्या स्थानकांत लोकल उभी करून मागून आलेली लांब पल्ल्याची गाडी पुढें सोडली जाते, तेव्हां डब्याडब्यांतून उठणारी कुरकुर तेथील रहिवाशांच्या चांगल्याच परिचयाची आहे. डब्यांत बसलेल्या मनुष्यास आपली गाडी उगाच खोळंबली एवढेंच दिसतें. रूळ कोणास केव्हां द्यावयाचा हें ठरविणाऱ्यास मात्र साऱ्या गाड्या एकदम दिसत असतात. या गांवांच्या वर, आकाशांतही असाच हिशेब रात्रंदिवस चाललेला असतो. भेद इतकाच कीं, तेथें गाडी उभी करण्याची सोय नाहीं. विमानाचा वेग ठराविक मर्यादेखालीं गेला कीं पंखांना मिळणारी उचल तुटते आणि तें कोसळूं लागतें. त्यास थांबवितां येत नाहीं. फक्त कांहींसें मंद करतां येतें.

एके काळीं या किनाऱ्यावर हा प्रश्नच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादेस थांबून मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. विमान एकाच इंजिनाचें, चिमुकलें. पुढें कोणी नाहीं, मागें कोणी नाहीं. पुढें २०१८ च्या डिसेंबरांत मुंबईच्या विमानतळावर एका दिवसांत १,००७ विमानांची चढउतार झाली! तेथें धांवपट्ट्या दोन आहेत खऱ्या, परंतु त्या एकमेकींस छेदून जातात. म्हणून दोहोंवर एकाच वेळीं स्वतंत्रपणें काम चालवितां येत नाहीं. तासास ४६ विमानें धरलीं, तर उतरणारें वा उडणारें मिळून दर ७८ सेकंदांस एक विमान असें प्रमाण पडतें.

मग विमानें एकामागून एक चिकटवून कां आणूं नयेत? विमानतळानजीक रडारच्या साहाय्यानें दोन विमानांत सामान्यतः निदान तीन सागरी मैलांचें, म्हणजे सुमारें साडेपांच किलोमीटरांचें अंतर राखतात. पुढचें विमान अवजड आणि मागचें मध्यम असेल, तर हें अंतर पांच सागरी मैल करावें लागतें. अवजड विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे जोरदार भोंवरे सुटतात. डोळ्यांस न दिसणारा असा भोंवरा मागून येणाऱ्या लहान विमानास कलंडवूं शकतो.

हें अंतर जुळविण्याचें मुख्य साधन म्हणजे वेगाचें बंधन. दहा हजार फुटांच्या खालीं साधारणतः २५० नॉटांहून अधिक वेग ठेवूं नये असा दंडक आहे. नॉट म्हणजे तासास एक सागरी मैल. पालघरपासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेंत सुमारें सत्तर किलोमीटर. २५० नॉटांनीं हें अंतर काटण्यास ठोकळ मानानें नऊ मिनिटें लागतात. नियंत्रकानें २१० नॉटांचा हुकूम दिला तर पावणेअकरा. म्हणजे पालघरापासून वेग कमी केला तरी लाभ जेमतेम पावणेदोन मिनिटांचा! दहा मिनिटें जिरवावयाचीं असतील, तर विमान शेंकडों मैल दूर असतांनाच त्यास मंद केलें पाहिजे. तें वेळेवर झालें नाहीं, कीं विमानास आकाशांत घिरट्या घालाव्या लागतात. अशी एक फेरी बहुधा चार मिनिटांची असते.

या घिरट्यांची किंमत केवढी, हें २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनेंच सांगितलें. मुंबईवर विमानें ४० ते ६० मिनिटें फिरत राहत होतीं. विमानास तासाला सरासरी २,००० किलो इंधन लागतें. तेव्हां चाळीस मिनिटांत सुमारें १,७०० लिटर इंधन, म्हणजे अदमासें १ लाख ८० हजार रुपये, हवेंत जात होतें. म्हणून गर्दीच्या तासांत ताशी ४६ ऐवजीं ४४ विमानें असें बंधन घालण्यांत आलें. दोनच विमानें कमी! परंतु काठोकाठ भरलेल्या रांगेंत एक जरी विमान धांवपट्टीवर रेंगाळलें, तरी त्याचा धक्का मागच्या प्रत्येकास बसतो. थोडी मोकळीक ठेवली तर तो मध्येंच विरून जातो.

रांगेचा सामान्य नियम ‘आधीं येईल तो आधीं’ असाच आहे. तथापि कोणाचें इंधन संपत आलें, इंजिन बिघडलें किंवा आंत कोणी अत्यवस्थ झालें, आणि वैमानिकानें तसें कळविलें, तर बाकीचीं सारीं बाजूस सारून त्यास वाट करून देतात. अशा वेळीं इतर विमानांतील प्रवाशांस कळतें तें एवढेंच कीं उशीर झाला. कोणासाठीं झाला हें त्यांस बहुधा कधींच कळत नाहीं.

८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. धांवपट्टीची भर पडली. परंतु दोन्ही विमानतळ एकमेकांनजीक असल्यामुळें त्यांच्यावरील आकाश मात्र वांटूनच घ्यावें लागतें. तेव्हां रांग आणि वेगाचें बंधन हीं सुटणारीं नव्हेत.

रात्रीं तारापूरच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे पाहिलें असतां कधीं एकामागें एक असे दोन-तीन दिवे सावकाश खालीं येतांना दिसतात. ते सावकाश येत आहेत, कारण त्यांना कोणीतरी तसें यावयास सांगितलें आहे. आणि त्यांतील प्रत्येक दिव्यामागें शेंदीडशें माणसें आहेत, ज्यांची घरीं कोणीतरी वाट पाहत आहे. पांच मिनिटें उशिरां कां होईना, तीं सारीं सुखरूप उतरावीं, एवढ्याचसाठीं हा सारा खटाटोप आहे.