वर्धा-पैनगंगेचे पाणी आणि खाडीतले जीव

श्रोतेहो, आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तरी खाडीशी आपले नाते आहे. जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे आपल्या शेतातून वाहून गेलेले पाणी शेवटी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला भेटते. तिथे नदीच्या मुखात भरतीचे खारे पाणी शिरते आणि गोड्या पाण्यात मिसळते. अशी जागा म्हणजे खाडी.

या खाडीत कोणी राहावे, हे मुख्यतः मीठ ठरवते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात बहुधा अर्धा ग्रॅमही नसतात. काकडीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे आपण रोज पाहतो. नदीतला मासा समुद्रात टाकला तर त्याच्या अंगातले पाणी असेच बाहेर ओढले जाते. समुद्रातला जीव नदीत आला, तर उलट त्याच्या अंगात पाणी शिरते.

खाडीत तर हे प्रमाण भरती-ओहोटीबरोबर बदलते. पावसाळ्यात पुराने पाणी गोडे होते, उन्हाळ्यात खारट. हा फेरफार सोसणाऱ्या जाती थोड्याच. पण ज्यांना तो साधला, त्यांची संख्या अफाट. कारण गाळ आणि कुजलेला पाला यांमुळे तिथे अन्न भरपूर. कालव आपला शिंपला घट्ट मिटून वाईट वेळ काढते. खेकडा कल्ल्यांच्या साहाय्याने अंगातले मीठ सांभाळतो. निवटी मासा ओहोटीला चिखलावर उड्या मारीत फिरतो. कोळंबीच्या कित्येक जातींची पिल्ले खाडीत वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात जातात. हिलसा मासा उलट वाटेने, पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत अंडी घालायला चढतो.

आता प्रश्न आपला. ‘समुद्राला गेलेले पाणी वाया गेले’ असे आपण सहज म्हणतो. आपली तहान खरी आहे. इसापूर, बेंबळा ही धरणे गरजेपोटीच झाली. परंतु खोऱ्यातून खाली जाणारे पाणी फार घटले, तर खारेपणा नदीत वर सरकतो. गाळही धरणातच बसतो. मग गोडसर पाण्यातले जीव हटतात, आणि त्यांच्यावर पोट असलेल्या कोळ्यांचे जाळे रिकामे येते. म्हणून पाणी अडवताना नदीचा वाटाही हिशेबात धरला पाहिजे.

शिक्षक बंधु-भगिनींनी वर्गात बटाट्याच्या दोन चकत्या घ्याव्यात. एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या पाण्यात काही तास ठेवावी. कोणती ताठ राहिली आणि कोणती लुळी पडली, ते मुलांनीच हाताने पाहावे. मग नकाशावर आपल्या गावच्या नाल्यापासून समुद्रापर्यंत बोट फिरवायला सांगावे.