पट्टी, अंगठा आणि अंगणवाडी

अमरावती जिल्ह्यातल्या धारणी-चिखलदऱ्यात, म्हणजेच मेळघाटात, मुलाचं कुपोषण सहसा आधी लक्षात येतं ते अंगणवाडी सेविकेच्या. तिच्याकडे वजनकाटा असतो आणि दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, की ते तीव्र कुपोषित. पण पट्टीवर थांबून चालत नाही. ती दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहते. खळगा तसाच राहिला तर ती सूज असते. असं मूल गुटगुटीत दिसतं, वजनही बरं भरतं आणि आई निर्धास्त राहते. ही फसगत फार धोक्याची! अशा मुलाला तातडीनं दवाखान्यात न्यायलाच हवं. भूक चांगली असलेलं, दुसरा आजार नसलेलं मूल मात्र गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात सुधारू शकतं. तिथे थोडं थोडं, दिवसातून अनेकदा खाऊ घालतात.

खरी अडचण स्थलांतराची. मेळघाटातली कोरकू आदिवासी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात आणि मूल सेविकेच्या नजरेआड होतं. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालू आहे, तरी सेविकेला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. हे मला अन्यायाचं वाटतं. तुमच्या गावात वीटभट्टीवर किंवा बांधकामावर अशी स्थलांतरित कुटुंबं उतरली असतील, तर जवळच्या अंगणवाडीत जरूर कळवा.