प्रकाश तांबड्याकडे का सरकतो?

गटाच्या बैठकीत वही आणि पासबुक जुळलं नाही की एक म्हणते, कुणाचा तरी हप्ता राहिला. दुसरी म्हणते, लिहिताना आकडा चुकला. तूट एकच, कारणं दोन. मग आपण पावत्या काढतो. आज आम्ही आभाळाच्या अशाच एका हिशोबाबद्दल बोलणार आहोत.

प्रकाश लोलकातून गेला की इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. ताऱ्यांच्या प्रकाशात त्या रंगांवर काळ्या रेघा असतात. त्यांची जागा ठरलेली, साडीच्या काठावरच्या नक्षीसारखी. पण दूरच्या दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, प्रकाशात ही सगळी नक्षी तांबड्या रंगाकडे सरकलेली दिसते. याला ताम्रसृती म्हणतात. १९२९ साली एडविन हबल यांनी दाखवलं, की दीर्घिका जितकी दूर, तितकी ताम्रसृती जास्त. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, विश्व प्रसरण पावतंय, म्हणून प्रकाशाच्या लहरी ताणल्या जातात.

त्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी वेगळं कारण सुचवलं. लांबच्या वाटेत प्रकाशच थकतो, त्याची ऊर्जा कमी होते. मग पावती तपासली गेली. फार दूरचे स्फोट झालेले तारे जवळच्यांपेक्षा सावकाश मंदावताना दिसतात. प्रसरणात असंच व्हायला हवं, नुसत्या थकलेल्या प्रकाशाने ते होत नाही. ती कल्पना मागे पडली.

कोल्हापूरला जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनीही निराळा विचार मांडला. कणांचं वस्तुमान काळानुसार वाढत असेल, तर पूर्वीच्या हलक्या अणूंतून निघालेला प्रकाश मुळातच जास्त तांबडा असणार. बहुतेकांना हे पटलं नाही. १९६५ साली सापडलेले, आकाशात सगळीकडून येणारे सूक्ष्मतरंग महास्फोटाचा मोठा पुरावा मानले जातात. तरी नारळीकर गणित मांडून वाद घालत राहिले. त्यांनी पुण्यात उभारलेल्या ‘आयुका’ संस्थेत महास्फोट मानणारेही काम करत होते.

मैत्रिणींनो, बैठकीत एखादी वेगळं बोलली की आपण म्हणतो, "गप्प बस, सगळ्यांचं ठरलंय." आम्हीही म्हटलंय. यापुढे तिला पावती मागू या. निघाली तर हिशोब बदलू. नाही निघाली तर तिनंही मोकळ्या मनानं मान्य करावं. पण तिचं म्हणणं वहीत नोंदवूनच बैठक संपवू या.