लहान कचेरीचा सर्व्हर

सोलापूरची चादर आणि टॉवेल मुलखात दूरवर जातात. पण माल कोणाला, किती आणि कोणत्या दराने गेला हे सांगणारी वही आता बहुतेक ठिकाणी कपाटात राहिलेली नाही. ती संगणकात गेली आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी कचेरी डोळ्यांपुढे आणा. आठ-दहा माणसे, तितकेच संगणक. बिले एकात, सुताचा साठा दुसऱ्यात, चादरीची नक्षी तिसऱ्यात. आणि या हातातून त्या हातात फिरणारा एक पेनड्राइव्ह. नक्षीच्या तीन प्रती होतात आणि मागावर नेमकी जुनी चढते. मग मालक म्हणतात, "आता एक सर्व्हर बसवून टाकू, पण खर्च बेताचा हवा." या बेताच्या खर्चाचाच आज विचार करू.

सर्व्हर म्हणजे काही अद्भुत यंत्र नव्हे. सर्वांच्या फायली एके ठिकाणी सांभाळणारा आणि ज्याला जे पाहण्याचा अधिकार आहे तेवढेच त्याच्यापुढे ठेवणारा तो एक संगणकच होय. जुन्या पेढीवरचा विश्वासू कारकून म्हणा हवे तर. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन चार प्रश्नांची उत्तरे लिहा. एकाच वेळी काम करणारी माणसे किती? फायली कोणत्या आणि किती मोठ्या? सर्व्हर बंद पडला तर किती तास काम थांबलेले चालेल? आणि किती दिवसांचे काम पुन्हा करण्याची तयारी आहे? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे मालकाने द्यावयाची, विक्रेत्याने नव्हे. 'एक मिनिटही थांबता कामा नये' म्हणालात तर एकाच्या जागी दोन यंत्रे घ्यावी लागतील. 'अर्धा दिवस चालेल' म्हणालात तर पुष्कळ पैसा वाचेल.

पुष्कळ जण सारी पुंजी यंत्रात घालतात आणि उरलेल्या चार पैशांत बाकीचे भागवू पाहतात. माझ्या मते क्रम नेमका उलट असावा. आधी नकला, मग वीज, मग तारा, आणि शेवटी यंत्र.

नकला म्हणजे ज्याला आपण बॅकअप म्हणतो तो. सर्व्हरमध्ये दोन डिस्क बसवून एकीवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवर उमटेल अशी व्यवस्था करता येते. ती जरूर करावी. एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. पण तिला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद केले. जाळ्यातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर तो आपोआप पसरत असे. म्हणून नियम असा: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक कचेरीबाहेर. बाहेरून जोडायच्या दोन डिस्क घ्या. एक रात्री जोडून नक्कल उतरवावी आणि सकाळी काढून ठेवावी. दुसरी, सांकेतिक कुलूप घालून, मालकाच्या घरी असावी. दर आठवड्याला अदलाबदल करावी.

१८ मे २०२५ रोजी याच औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्या दुःखापुढे कागदपत्रांची कथा ती काय! पण आग आपल्याकडे लागत नाही, असे म्हणण्याची सोय आता कोणालाच उरलेली नाही. शिवाय कायद्याचीही बाब आहे. वस्तू व सेवा कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. कचेरी कंपनीची असेल, तर संगणकावरच्या हिशेबांची नक्कल रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी, असा नियम २०२२ मध्ये झाला आहे.

दुसरी गोष्ट विजेची. यूपीएस घ्यायचा तो दिवसभर काम रेटण्यासाठी नव्हे, तर वीज गेल्यावर सर्व्हर नीट बंद व्हावा म्हणून. यूपीएसपासून सर्व्हरला संदेशाची तार जोडली की माणूस नसतानाही तो आपसूक बंद होतो. अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात मागांवरून उडणारे सुताचे तंतू पंख्यात अडकतात. तेव्हा सर्व्हर जमिनीपासून उंच, हवेशीर आणि मागांपासून दूर ठेवा.

तिसऱ्या म्हणजे तारा. मागावर आधी ताणा भरतो, मग बाणा. ताणाच कच्चा असेल तर कापड कसे धड निघेल? तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर. कारखाना त्याहून लांब असेल तर काचतंतूची तार टाका. विजेच्या तारांना चिकटून ही तार नेऊ नका. दहा संगणकांना सोळा जागांचा स्विच घ्या. पुढच्या वर्षी माणसे वाढतातच. वायफाय मोबाइलला ठीक. हिशेबाच्या कामाला तार बरी.

राहता राहिले यंत्र. चांगल्या स्थितीतले वापरलेले यंत्र घ्यायला हरकत नाही; डिस्क मात्र नव्याच घ्या. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली लिनक्स प्रणाली आणि विंडोजच्या संगणकांना तिच्यावरच्या फायली पुरवणारा सांबा हा प्रोग्रॅम, दोन्ही फुकट मिळतात. पण फुकटचे घोडे झाले तरी त्याला खरारा करणारा माणूस हवाच. तो गावात आहे का, आणि तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅम तिच्यावर चालतो का, हे आधी विचारा. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही जुने संगणक जोडताना ध्यानात असू द्या. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका, आणि सर्वांना मिळून एकच पासवर्ड देऊ नका.

एवढे झाले की एक वही घाला. कोणती तार कोठे जाते आणि नक्कल कधी घेतली, हे तीत लिहा. आणि महिन्यातून एका शनिवारी, गर्दी ओसरल्यावर, नकलेतून एखादी फाइल परत काढून उघडून पाहा. उघडली तर त्या दिवसाची तारीख वहीत घाला. नाही उघडली, तर सोमवारची वाट न पाहता माणूस बोलवा.