काय अडलंय?



अध्यक्षीय भाषण उभं राहून करायची पद्धत आहे. ती मी अर्धीच पाळणार आहे. मोबाइलवर सात मिनिटांचा गजर लावलाय. तो वाजला की मी बसेन आणि उरलेलं बसून बोलेन. दुसऱ्यांदा वाजला की थांबेन. सूत्रसंचालकांना हे आधीच सांगून ठेवलंय. त्यांचा विश्वास बसलेला दिसत नाही, पण त्यात त्यांची चूक नाही. वेळेवर थांबणारा अध्यक्ष त्यांनी पाहिला नसेल.

गेली अकरा वर्षं मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. लोक सरसकट संधिवात म्हणतात, त्यातलाच हा एक. हातापायांचे लहान सांधे त्याने धरलेत. औषधं वेळेवर सुरू झाली, सूज उतरली, रक्ताचे रिपोर्ट सुधारले. दुखणं तेवढं राहिलं. एका डॉक्टरांनी रिपोर्टावर बोट ठेवून ‘आता दुखायला नको’ असं मला समजावलं, तेव्हा माझी बोटं त्यांच्याच टेबलावर ठणकत होती.

आता आपल्या विषयाबद्दल. तीस वर्षं मी ‘ओटीत काम करते’ असं सांगत आले. ऐकणाऱ्याला आधी ऑपरेशन थिएटर आठवतं, बायकांना खणानारळाची ओटी आणि माझ्या रत्नागिरीच्या मावशीला घराची. ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हटलं तर घोटाळा आणखी वाढतो. मुलाला नोकरी लावून द्याल का, असं एका गृहस्थांनी मला विचारलं होतं. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं: आंघोळ, स्वयंपाक, पेरणी, पूजा, पत्ते, नातवाला शाळेत सोडणं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे फळ्यावर लिहून देत असे. लिहून द्यायला काय लागतं?

हा विषय ज्यांनी उभा केला त्यांत एक रुग्ण होता, हे मात्र मी कधी फळ्यावर लिहिलं नाही. जॉर्ज बार्टन हा अमेरिकेतला आर्किटेक्ट. आधी क्षयाने गाठलं, पुढे पायावर शस्त्रक्रिया झाली, डावं अंग लुळं पडलं. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी १९१४ साली त्याने एक घर घेतलं, नाव ठेवलं ‘कन्सोलेशन हाउस’, आणि बागकाम-सुतारकाम करत स्वतःच्या अंगावरच प्रयोग केले. १९१७च्या मार्चमध्ये त्याच घरात या विषयाची पहिली संस्था स्थापन झाली. आपल्याकडे हा विषय आणला कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने आपल्या. १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये त्यांनी व्यवसायोपचाराचं विद्यालय काढलं, आशियातलं पहिलं. १९५२मध्ये अखिल भारतीय संघटना उभी केली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ निघाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे. आपल्या रुग्णालयांच्या आवारात त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे, हे हात वर करायला लावून विचारायची हिंमत मला होत नाही.

मी स्वतः हाताची स्प्लिंट बनवण्यात वाकबगार समजली जात असे. गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ करायचा, हातावर बसवायचा, कडा घासायच्या. ‘रात्री घालून झोपा,’ असं मी शेकडो बायकांना सांगितलं. परत आल्या की विचारायचे, घातलं का? त्या खाली बघायच्या. मी फाइलमध्ये लिहायचे, ‘सूचनांचे पालन नाही.’ मग माझी पाळी आली. माझ्याच एका विद्यार्थिनीने मला स्प्लिंट बनवून दिलं. काम अप्रतिम होतं. तीन रात्री घातलं. ते गोधडीत अडकतं, मच्छरदाणीत अडकतं, घामाने त्याला वास येतो, पहाटे तहान लागली तर तांब्या धरता येत नाही. चौथ्या रात्रीपासून ते कपाटात, साड्यांच्या मागे. पुढच्या भेटीत तिने विचारलं, ‘मॅडम, घालता ना?’ मी खाली पाहिलं.

त्या दिवसापासून मी तो शेरा लिहिणं बंद केलं.

दुसरी गोष्ट बंद केली ती ‘दहापैकी किती दुखतं?’ हा प्रश्न. निदान पहिला प्रश्न म्हणून तरी. मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याच्या शब्दांची प्रश्नावली छापली: ७८ शब्द, २० गटांत लावलेले. त्याआधी दहा वर्षं, १९६५मध्ये, त्यांनी आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं होतं की दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतून जसाच्या तसा वर जात नाही. वाटेत जणू एक फाटक आहे. ते कधी सताड उघडं असतं, कधी किलकिलं, आणि वरून मेंदूही ते लोटू शकतो. रागात, भीतीत, जागरणात ते उघडतं. जीव कशात रमला की थोडं मिटतं. ज्याला कधी सलग दुखलंय त्याला यात नवल वाटणार नाही. प्रयोगशाळेने त्याला दुजोरा दिला, एवढंच.

माझ्या आजीला ७८ शब्दांचं कौतुक वाटलं नसतं. ठणकतं, ठुसठुसतं, सणकतं, कळ येते, शूळ उठतो, रग लागते, मुंग्या येतात, आग होते, अंग मोडून येतं. त्यातही ठुसठुस गळवाची, ठणका दाढेचा, चमक कमरेतली, रग खांद्यातली. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसवून बघा, बसत नाही. रुग्ण इतकं नेमकं सांगत असतो आणि आपण त्याच्यापुढे पट्टी धरतो. तो बिचारा ‘सात’ म्हणतो. सात हा मोठा सभ्य आकडा आहे. पाच म्हटलं तर कोणी लक्ष देणार नाही, नऊ म्हटलं तर नाटक वाटेल. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत एक गोष्ट घातली: माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखा. 

म्हणून मी आता विचारते, ‘काय अडलंय?’ एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर कंबर धरून आले होते. आकडा विचारला असता तर सातच सांगितला असता. काय अडलंय म्हटल्यावर थोडे गप्प बसले. मग म्हणाले, ‘गणपतीत आरतीला उभं राहता येत नाही. मागे खुर्ची टाकून देतात. आपल्याच घरात पाहुणा झाल्यासारखं वाटतं.’ आम्ही आरतीचा सराव केला. एक पाय छोट्या पाटावर, मग दुसरा. पहिल्या दोन आरत्या उभ्याने, पुढच्यांना टाळ घेऊन बसायचं, आणि बसायचं ते सगळ्यांच्या मध्ये, मागे नव्हे. त्या वर्षी गणपती झाल्यावर पेढे घेऊन आले. मी सवयीने आकडा विचारलाच. ‘सात,’ म्हणाले.

वाजला. बसते आता. हात देऊ नका कोणी, जमतं मला.

हे जे आत्ता मी केलं त्याला पुस्तकात पेसिंग म्हणतात. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत: उरकणं आणि पुरवणं. आमच्या पिढीच्या बायकांचा सगळा जन्म उरकण्यात गेला. ‘आज जरा बरं वाटतंय, तर माळा आवरून घेते.’ मग नवरात्रात माळा, दिवाळीआधी डबे, चार दिवसांत पाच जिन्नस, आणि भाऊबीजेला ही बाई अंथरुणात. पुढचे आठ दिवस ती काहीच करत नाही, स्नायू आणखी ढिले पडतात, आणि पुन्हा बरं वाटलं की पुन्हा माळा. दर फेरीला झेप आखूड होते. पुरवणं म्हणजे एप्रिलमध्ये हंड्यातलं पाणी वापरतो तसं वापरणं. हंडा भरलेला दिसला म्हणून कोणी अंगण धूत नाही.

यातली अवघड गोष्ट एकच. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याआधी थांबायचं. घड्याळ सांगेल तेव्हा. दुखण्यावर थांबलात तर तुमच्या दिवसाचा मुकादम दुखणं होतं. हे मला समजत होतं पंचवीस वर्षं, जमलं मात्र अलीकडे, कारण भाकऱ्यांचं पीठ परातीत असताना चौथ्या भाकरीला हात धुऊन बसणं हे आमच्या घरात पाप होतं. सासूबाईंनी काही म्हटलं नाही कधी. मीच म्हणत होते.

संयोजकांनी विषयपत्रिकेत ‘आत्मशोध’ असा शब्द घातलाय. शब्द भारी आहे, मला त्याची जराशी भीती वाटते. मी आपला हिशेब केला. चौदा दिवस वहीत लिहिलं: काय केलं, किती वेळ, नंतर कसं होतं, आणि शेवटच्या रकान्यात, हे कोणासाठी. तो रकाना मी रुग्णांच्या वह्यांत कधी आखला नव्हता. वाचून पाहिलं तर निम्मी कामं अशी निघाली की ज्यांची घरात कोणाला गरज नव्हती. पुरणपोळ्या मला खायला आवडत नाहीत, मुलांनाही नाहीत. तरी वर्षातून चारदा मी त्या लाटत होते, कारण ‘यांच्या हातच्या पोळ्या’ असं लोक म्हणत. ते नाव मला हवं होतं. ते सुटलं तेव्हा मनगटापेक्षा मानच जास्त मोकळी झाली.

आणि जे खरंच हवं होतं ते मी आधीच सोडून दिलेलं होतं. मंडई. सकाळी मंडईत जाऊन हाताने वांगी निवडणं, कोथिंबिरीच्या भावावरून हुज्जत घालणं. मुलाने ‘कशाला त्रास’ म्हणून घरपोच भाजी सुरू केली होती. ती बंद केली. आता दर मंगळवारी जाते, चाकांची पिशवी घेऊन, रिक्षा एका बाजूने. उचलायचं तर पिशवीचा बंद बोटांत नाही, कोपराच्या वर. दोन गाळ्यांनंतर ओळखीच्या नारळवाल्याच्या पोत्यावर बसायचं. बुधवारी पाय दुखतात. ते दुखणं मी मोजून घेतलेलं असतं, त्यामुळे त्याचा राग येत नाही. बरणीचं झाकण उघडायचं उजव्या तळव्याने आणि लावायचं डाव्याने, म्हणजे बोटं करंगळीच्या बाजूला ढकलली जात नाहीत. कुकर दोन्ही तळहातांवर तोलायचा. असल्या शंभर युक्त्या आपल्याला पाठ आहेत, त्या इथे उगाळत नाही. पण मंडई हवीये की पुरणपोळी, हे कळल्याशिवाय त्या देऊ नका.

आता जे मला सुटलेलं नाही ते सांगते. बीडकडची एक ऊसतोड कामगार आली होती. वय पस्तीस असेल, कंबर साठीची. मी तिला ‘पुरवून वापर’ हे सगळं समजावलं, वाकायचं कसं, मोळी डोक्यावर घेताना गुडघे कसे, मध्ये थांबायचं कधी. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, ‘बाई, खरंय तुमचं. पण मुकादमाला तुम्ही सांगाल का?’ तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती टनावर फेडायची. एक दिवस बसलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. तिच्या हंड्याची तोटी दुसऱ्याच्या हातात. मी मघाशी घड्याळाबद्दल एवढ्या ठसक्यात बोलले, ते घड्याळ तिच्याकडे नाही. ओट्यापाशी स्टूल ठेवून भाजी चिरा, हा सल्ला ज्यांच्या घरात ओटा आहे त्यांच्यासाठी. मी तिला कमरेचा पट्टा दिला, तीन व्यायाम दिले, आणि फाइलमध्ये काय लिहावं ते मला सुचलं नाही. तो रकाना अजून कोरा आहे. ज्या कागदावर आपण ‘सल्ला’ असं छापतो, त्यावर मुकादमाच्या नावे पत्र लिहायचा अधिकार आपल्याला कोणी दिला नाही, आणि आपण तो कधी मागितलाही नाही. या सभागृहात कारखान्यांच्या पट्ट्यात काम करणारे तुम्ही बरेच जण आहात. उसाच्या फडावर जाऊन, तिथे मोळी उचलताना बघून मग...

वाजला दुसऱ्यांदा.

अजून दोन पानं आहेत, त्यांत आपल्यालाही लागू होणाऱ्या २०२१च्या कायद्याबद्दल आणि आपल्या नोंदणीबद्दल लिहिलंय. ती छापील प्रतीत वाचा. अजून कुठे दुखायला लागलेलं नाही, म्हणूनच थांबतेय. दुपारी तुमच्याबरोबर जेवणाच्या रांगेत उभं राहायचंय मला. ती मिनिटं मी राखून ठेवली आहेत.