रंग कालवताना

रेडिओवरून रंगांविषयी बोलायचे म्हणजे तसा उफराटाच उद्योग. मला तुम्हाला काही दाखवता येत नाही आणि तुम्ही तर डोळे मिटूनही माझे भाषण ऐकू शकता! पण आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला रंग दाखवावे लागत नाहीत, त्यांची नुसती आठवण करून दिली की पुरते. आषाढातल्या पऱ्ह्यांचा पोपटी, रोवणी होऊन महिना उलटला की बांधीवर चढणारा गर्द हिरवा, आणि दिवाळीच्या सुमारास लोंब्या वाकल्या म्हणजे त्याच बांधीवर पसरणारा पिवळा. एकाच धुऱ्यावर उभे राहून चार महिन्यांत आपण हे सगळे पाहतो. म्हणून धीर करून बोलतो.

पहिल्यानेच सांगतो, मी चित्रकार नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्या शिदोरीवर आजही सुटीच्या दिवशी रंगांची पेटी उघडून बसतो. पण खेड्यापाड्यांतून अशा माणसालाही परीक्षक म्हणून बोलावतात. तसा मी एकदा सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत प्रजासत्ताक दिनाच्या चित्रस्पर्धेला गेलो होतो. विषय होता, ‘माझे गाव’. चाळीसएक चित्रे असतील. त्यांत सहावीतल्या एका मुलीचे चित्र निराळे होते. तिने डोंगर निळसर करड्या रंगाचे काढले होते, तणसाच्या ढिगाची सावली जांभळट होती, आणि झाडांचा हिरवा काही पेटीतला हिरवा नव्हता. कुठे मातकट, कुठे काळपट. मी परीक्षकाच्या ऐटीत विचारले, “डोंगर हिरवे असतात ना बाळ? मग निळे का केलेस?”

ती खाली मान घालून म्हणाली, “हिरवी वडी संपली होती जी.”

मला ती सबब वाटली. पहिला नंबर मी एका नीटनेटक्या चित्राला दिला. त्यात लाल कौलांचे घर होते, झाडे, डोंगर आणि शेत तिन्ही एकाच हिरव्या वडीतून उतरलेली होती, आणि रंग कुठेही रेघेबाहेर गेलेला नव्हता. चहा झाला, नारळ घेतला, मोटारसायकलला किक मारली.

वाटेत एका बोडीच्या पाळीवर थांबलो. दिवस कलला होता. समोर दरेकशाकडचे डोंगर होते, आणि ते निळे होते. निळसर करडे. त्या पोरीच्या चित्रातल्यासारखे. जवळच्या तणसाच्या ढिगाची सावली पाहिली, तीही काळी नव्हती. बरीचशी जांभळट होती. श्रोतेहो, त्या पाळीवर मला फार ओशाळल्यासारखे झाले. त्या मुलीने पाहून रंगवले होते आणि मी न पाहता निकाल दिला होता.

डोंगर दुरून निळे का दिसतात, ते थोडक्यात सांगतो. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये मैलोगणती हवा असते. प्रकाशातले निळे किरण या हवेत अधिक विखुरतात, त्यामुळे त्या हवेचाच एक निळसर पडदा डोंगरावर पडतो. डोंगर जितका दूर, तितका पडदा दाट. आपल्याला ठाऊक असते की डोंगरावर झाडे आहेत आणि झाडे हिरवी असतात. हे ठाऊक असणेच डोळ्यांच्या आड येते.

आता त्या संपलेल्या हिरव्या वडीकडे वळू. शाळांत मुलांची रंगपेटी पाहिलीत तर हिरवी वडी सर्वांआधी झिजलेली दिसेल. झाड आले की हिरवा, गवत आले की हिरवा. पण ज्याची वडी संपते त्याला निळ्यात पिवळा कालवावाच लागतो, आणि तिथून त्याचे खरे शिक्षण सुरू होते.

निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो, हे पहिलीतले पोरही सांगेल. पण का होतो? रंगाची भुकटी स्वतः काही उजेड देत नाही. ती पांढऱ्या उजेडातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्याकडे परत पाठवते. निळा रंग तांबड्याकडचा उजेड गिळतो. पिवळा रंग निळा-जांभळा उजेड गिळतो. दोघे एकत्र आले की दोघांच्याही तोंडातून सुटलेला तेवढा हिरवा उरतो. म्हणजे रंग कालवणे ही बेरीज नसून वजाबाकी आहे. म्हणूनच पाचसहा रंग एकत्र केले की चिखल होतो. प्रत्येकाने आपापला घास घेतल्यावर उजेड उरणार कुठून?

यात एक मेख आहे, ती शिक्षकबंधूंनी अवश्य करून पाहावी. पेटीत बहुधा दोन निळे असतात, प्रशियन ब्लू आणि अल्ट्रामरीन. पहिला हिरव्याकडे झुकलेला, दुसरा तांबड्याकडे. प्रशियन ब्लूमध्ये लिंबासारखा पिवळा कालवा, पऱ्ह्यांचा तजेलदार पोपटी मिळेल. अल्ट्रामरीनमध्ये केशरीकडे झुकलेला पिवळा कालवा, जुन्या मोहाच्या पानांचा मळकट हिरवा मिळेल. दोन्ही वेळा निळा आणि पिवळाच, पण दुसऱ्या वेळी दोघांनीही थोडा थोडा तांबडा लपवून आणला होता, आणि तो हिरव्याला मारतो. जांभळ्याचेही तसेच. अल्ट्रामरीन आणि क्रिमझन यांचा जांभळा गोड होतो. प्रशियन ब्लू आणि शेंदरी लाल यांची जोडी जमवाल तर काळपट गाळ हाती येईल. पिवळ्यात चिमूटभर काळा घालून बघा. मळकट पिवळा होईल असे वाटते, आणि होतो शेवाळी हिरवा! मी पहिल्यांदा हे केले तेव्हा ब्रश नीट धुतला नसेल अशी शंका घेऊन तो तीनदा धुतला होता.

घाई मात्र नको. फिक्या रंगात गडद रंग थेंबाथेंबाने घालावा, उलट करू नये. वाटीभर पिवळ्याला हिरवे करायला निळ्याचा एक थेंब पुरतो, पण निळ्या वाटीत कितीही पिवळा ओता, तो बुडून जातो. पाण्याचे पेले दोन ठेवावेत, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घ्यायला. रंग कालवायला पांढरी चिनी मातीची बशी सर्वांत उत्तम, कारण कागद पांढरा असतो. आणि जलरंग वाळला की फिका होतो, हे धरूनच हात द्यावा. पाण्याच्या रंगात खरा पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. सावळाराम हळदणकर यांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांतून झिरपणारा तो उजेड पाहून पुष्कळांना ते तैलचित्र वाटते, पण ते कागदावरचे जलरंगातले काम आहे.

इथपर्यंत बशीतल्या रंगाचे झाले. परंतु रंग बशीत एक असतो आणि चित्रात गेल्यावर दुसराच होतो, कारण तिथे त्याला शेजार मिळतो. फ्रान्समध्ये गोबेलां नावाचा भिंतीवरचे गालिचे विणण्याचा जुना कारखाना आहे. तिथल्या रंगखात्यावर १८२४ साली शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ आले. काळ्या लोकरीला रंग नीट चढत नाही, ती मळकट दिसते, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी लोकर तपासली. रंगात काही खोट नव्हती. तो काळा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता, म्हणून निस्तेज दिसत होता. दोष रंगाऱ्याचा नव्हता, शेजाराचा होता. या एका तक्रारीवरून पुढे त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला.

आपल्याकडे हे पाहायला कारखाना नको. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा जंगल पेटल्यासारखे वाटते. फूल तोडून हातात घ्या. केशरी पाकळ्यांच्या बुडाशी मखमलीसारखा जवळजवळ काळा देठ-पेला असतो आणि झाडावर त्या वेळी पान नसते. तो काळा आणि ती उघडी करडी फांदी आहे म्हणून केशरी असा भडकतो. आपल्या बांध्यांत उतरणारा सारसही तसाच. अंग सगळे राखी आणि डोके-मान तेवढी लाल. त्या राखीमुळे ते लाल मैलावरून दिसते. मुलांना आपण ‘रंग उठून दिसायला हवा’ म्हणून सांगतो, आणि मुले तोच रंग अधिक जाड थापतात. त्याऐवजी शेजारचा रंग विझवायला सांगावे.

या शेजाराचे गणित ज्यांनी आयुष्यभर सोडवले असे एक चित्रकार आपल्या गोंदियात होऊन गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सय्यद हैदर रझा. जन्म १९२२ साली, शेजारच्या मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया येथे. वडील जंगलखात्यात. नागपूरच्या चित्रकला विद्यालयात शिक्षण झाले, आणि १९४० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत काही काळ रझा गोंदियाच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. इथूनच ते १९४३ साली मुंबईला गेले. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, बाकरे आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातले हरी अंबादास गाडे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, आणि १९५० साली ते फ्रान्सला गेले. पुढे साठ वर्षे तिथेच राहिले म्हणा ना.

लहानपणी मन एका जागी ठरेना म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून याच्याकडे बघत बस म्हटले, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. तो ठिपका उतारवयात त्यांच्या चित्रांत मोठा काळा बिंदू होऊन आला. त्याभोवती पिवळा, लाल, निळा, पांढरा. काळा धरून पाच रंग, आणि ते पंचमहाभूतांशी जोडलेले. लहानपणीच्या जंगलातल्या रात्रींची भीती आणि बाजाराच्या दिवसाचे उन्हातले रंग यांच्याविषयी ते म्हातारपणीही बोलत. माझ्यासारख्याला त्यांच्या चित्रांतले तत्त्वज्ञान सगळे उमगते असे नाही. पण एक गोष्ट छापील पानावरही दिसते. त्यांचा काळा हा काही रंग नसल्याची जागा नसतो, बाकीचे चार त्याच्यामुळे बोलू लागतात. २०१६ साली दिल्लीत ते गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी झाले.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, ते रझा झाले. आमच्या शाळेत रंगपेट्या कुठल्या? प्रश्न रास्त आहे. पण रंग म्हणजे तरी काय? बारीक भुकटी आणि तिला कागदाला धरून ठेवणारा डिंक. आणि गोंदिया हे गावाचे नावच मुळी गोंद म्हणजे डिंक यावरून पडले असे सांगतात. पूर्वी भोवतालच्या जंगलातून डिंक आणि लाख इथे येत असे. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा. गेरू, पिवळी माती, कोळसा हे खलबत्त्यात जितके वाटाल तितके थोडे. त्यात डिंकाचे पाणी घालून मळा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. दोनचार वेळा चुकल्यावर हाताला माप कळते. पळसाच्या फुलांचा काढा पिवळा-केशरी उतरतो. हळदीत चुना घातला की ती लाल होते, हे तर घरोघरी माहीत आहे. मात्र हळद आणि फुलांचे रंग उन्हात उडतात; मातीचे रंग टिकतात.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी होळीच्या आधी एका शनिवारी त्या शाळेत परत गेलो. गुरुजींना खरे ते सांगितले. नंबर तर वाटून झाले होते, बक्षिसाच्या वह्याही संपल्या असतील. गुरुजी हसले आणि त्यांनी मुलीला बोलावले. मला वाटले, ही रागावलेली असेल. तिला तर मी कोण तेही नीट आठवत नव्हते. मी म्हटले, “डोंगराबाबत तुझे बरोबर होते आणि माझे चुकले.” यावर काय बोलावे ते तिला सुचेना. मग मी माझी पेटी उघडली आणि म्हटले, “मला तो डोंगराचा रंग करून दाखव. मी घरी चार वेळा करून पाहिला, माझा नुसता निळा होतो.”

तिने अल्ट्रामरीनची वडी ओली केली, बशीत निळे पाणी केले, आणि पेटीत काहीतरी शोधू लागली. माझ्या पेटीत बारा वड्या होत्या. तिला हवे ते त्यांत नव्हते. ती उठून बाहेर गेली आणि शाळेच्या भिंतीपाशी ठेवलेल्या डब्यातला, सारवून उरलेला गेरू बोटावर घेऊन आली. बोटभरही नाही, नखाएवढा. निळ्यात तो बुडवला मात्र, आणि बशीत दरेकशाचा डोंगर उतरला.

“हे तुला कुणी शिकवले?” मी विचारले.

“आई भिंत सारवत होती जी. ब्रश तिच्या डब्यात पडला.”