वेळूचे औषधी गुण आणि आपली परंपरा



बाळंतघरातील सुपापासून तिरडीच्या दांड्यापर्यंत वेळू आपली सोबत करतो. तथापि त्यातील औषध आपणांस कितपत ठाऊक आहे?

वेळूच्या पोकळ पेरांत साठणाऱ्या पांढऱ्या, निळसर खड्यांना आयुर्वेदात वंशलोचन म्हणतात. ते मुख्यतः सिलिका होय. खोकला, ज्वर व तृष्णा यांवर ते सांगितले आहे. सितोपलादि चूर्णात खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2 व दालचिनी 1 असे प्रमाण असते. गोव्यात 1563 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानेही ‘तबाशीर’ या नावाने त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे.

परंतु हे खडे प्रत्येक वेळूत सापडत नाहीत. म्हणून बाजारात पुष्कळदा कंदाचे पीठच त्यांच्या जागी येते. तवकीर हे नावही आता त्या पिठालाच चिकटले आहे. उकळत्या पाण्यात पिठाची खळ होते, वंशलोचनाची होत नाही. एवढी पारख घरीही करता येईल.

पावसाळ्यातील कोंब हे आपले आवडते अन्न. मात्र कच्च्या कोंबात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. पातळ चकत्या रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यावे व पुन्हा भांडे उघडे ठेवून उकळावे, ही आजीबाईंची रीत शास्त्रशुद्धच आहे. उलट, काही भागांत नवजात बालकाची नाळ बांबूच्या धारदार चिपेने कापीत. तीत धनुर्वाताचा धोका होता. परंपरेतील हिताचे घ्यावे, घातक ते सोडावे, हाच खरा विवेक.

सुपा धरणामुळे उठलेली अनेक कुटुंबे या रामनगरात वसली. भांडीकुंडी गाडीत घालून आणता येतात, वेळूचे बेट आणता येत नाही. आणि बेट सुटले की त्याचे ज्ञानही पुढच्या पिढीत विरते. 2017 च्या कायदेदुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरील बांबू कायद्याने ‘वृक्ष’ राहिलेला नाही. तेव्हा प्रत्येकाने आपल्या परसात एक तरी बेट लावावे आणि त्याचे गुणदोष मुलांना सांगावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.